लाकडाच्या शेगडीचा धूर वर न जाता घरात येतो. शेगडी बदलावी का?

शेगडी बदलू नका, निदान एवढ्यात तरी नको.

तुम्ही लिहिलंय की बंद दाराची लोखंडी शेगडी मागच्या हिवाळ्यापर्यंत उत्तम चालत होती. यंदा पेटवताना धूर घरभर होतो आणि नंतर लाकूड घालायला दार उघडलं की तोंडावर भपकारा येतो. जळण वर्षभर वाळवलेलं आहे. आणि शेवटी जाता जाता कंसात: धुराडं बाहेरच्या भिंतीला लागून वर जातं, आणि मधल्या काळात घराच्या सगळ्या खिडक्या बदलून नव्या, घट्ट बसणाऱ्या लावल्या.

मला तुमच्या दुखण्याचं मूळ त्या कंसातच दिसतंय.

शेगडी धूर बाहेर ढकलत नाही, ढकलायला तिच्यात काही नाहीच. ओढायचं काम धुराड्याचं. आतली हवा तापून हलकी होते, वर चढते आणि तिची जागा घ्यायला घरातली हवा शेगडीच्या झरोक्यातून आत शिरते. ही ओढ बऱ्यापैकी चालणाऱ्या शेगडीत 12 पास्कलच्या आसपास असते. 12 पास्कल म्हणजे किती? टेबलावर छपाईच्या साध्या कागदाचे पंधराएक ताव एकावर एक ठेवले तर टेबलाला जेवढा भार जाणवेल, तेवढा. एवढ्याशा जोरावर सगळा कारभार चालतो. म्हणून घरातलं दुसरं काही हवा ओढू लागलं की धुराडं लगेच हार मानतं.

जुन्या खिडक्यांच्या फटींतून शेगडीला लागणारी हवा आपोआप येत होती, कुणाच्या लक्षातही न येता. बंद दाराच्या शेगडीला ताशी साधारण 20 ते 40 घनमीटर हवा पुरते, फार नाही. पण स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट ताशी काहीशे घनमीटर बाहेर फेकतो. घर घट्ट झाल्यावर त्या पंख्याला तेवढी हवा मिळायची कुठून? घराला राहिलेलं सगळ्यात मोठं भोक म्हणजे तुमचं धुराडं. हवा तिथूनच खाली येते आणि येताना धूर घेऊन येते.

तेव्हा पहिली चाचणी फुकटची. पेटवायच्या दहा मिनिटं आधी घरातले सगळे पंखे बंद करा, म्हणजे एक्झॉस्ट, न्हाणीघरातला, कपडे वाळवायचं यंत्र असेल तर तेही. मग शेगडीच्या खोलीतली एक खिडकी वीतभर उघडा आणि नेहमीसारखं पेटवा. धूर मुकाट वर गेला तर रोग सापडला. खिडकी मात्र त्याच मजल्यावरचीच उघडा. वरच्या मजल्यावरची उघडलीत तर उलटंच होईल, कारण उबदार घर स्वतःच एक मोठं धुराडं असतं. गरम हवा वरच्या खिडकीतून निसटते आणि खालच्या मजल्यावर हवेचा तुटवडा आणखी वाढतो. शेगडी तळघरात असलेल्यांचं अर्धं दुखणं हेच असतं.

खिडकीने काम झालं तर कायमचा उपाय म्हणजे शेगडीला बाहेरून हवा आणणारी वेगळी नळी. बऱ्याच शेगड्यांना मागे किंवा खाली त्यासाठी तोंड दिलेलं असतं, एकदा वाकून बघा. आणि शेगडी पेटलेली असताना एक्झॉस्ट लावायचाच असेल तर खिडकी उघडून, हा घरातला नियम करून टाका.

आता दुसरी गोष्ट, बाहेरचं धुराडं. घराच्या पोटातून जाणारं धुराडं घरासोबत उबदार राहतं. बाहेरच्या भिंतीवरचं रात्रभर गारठतं, आणि सकाळी त्यात थंड, जड हवेचा खांब उभा असतो. तुम्ही खाली चार काटक्या पेटवता, त्यांची ऊब तो खांब उचलू शकत नाही, मग धूर दारातून बाहेर येतो. पेटवण्याआधी शेगडीचं दार उघडून आत हात धरा. बोटांना वरून गार झुळूक लागली तर धुराडं उलटं वाहतंय. अशा वेळी काडी ओढून नशिबावर सोडू नका. आधी आतली झडप पूर्ण उघडा, वर्तमानपत्राची सैल सुरळी करून पेटवा आणि धुराड्याच्या तोंडाशी जितकी जवळ धरता येईल तितकी धरा. एक-दोन सुरळ्यांत ‘हुप्प’ असा आवाज येतो आणि ज्वाळा वर वळते. तो आवाज आला की मग जाळ करा. ओढ लागलेली असते.

जाळ रचतानाही जाड ओंडके खाली, त्यावर मध्यम फाटे आणि काटक्या अगदी वर ठेवून वरूनच पेटवून बघा. मला हे सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. पण ज्वाळा पहिल्या मिनिटापासून धुराड्याच्या जवळ असते आणि खालचं गार लाकूड धुमसत बसत नाही. आता मी दुसऱ्या कुठल्या पद्धतीने पेटवतच नाही.

खिडकी उघडून, धुराडं तापवूनही धूर येत असेल तर मात्र चोर कुठेतरी वाटेत बसलाय. इथे माझी फजिती सांगतो. दोन हिवाळे मी जळणाला शिव्या घातल्या. लाकूड बदललं, ओलावा मोजायचं यंत्र आणलं, शेगडीच्या दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी बदलली (ती गळकी असेल तर आग भडकते, मंदावत नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं). एक दिवस सहज उदबत्ती पेटवली आणि धुराड्याच्या कडेकडेने फिरवत खालपर्यंत नेली. सगळीकडे धुराची रेघ सरळ वर जात होती. तळाशी, काजळी काढायच्या छोट्या लोखंडी दारापाशी आली आणि ती रेघ आडवी झाली, वळून फटीत शिरली. दाराची कड गंजून वाकली होती, जेमतेम नखभर. तिथून थंड हवा थेट धुराड्यात जात होती. आतला धूर गार, ओढ अर्धी, आणि शेगडीच्या वाट्याला उरलंसुरलं. दार सरळ करून कडेला उष्णतारोधक दोरी बसवली आणि त्याच संध्याकाळी शेगडी घोंगावू लागली. तुम्हीही उदबत्ती फिरवाच. पाइपांचे सांधे, तळाचं दार आणि त्याच धुराड्याला जोडलेली आणखी एखादी शेगडी किंवा जुनं बुजवलेलं भोक असेल तर तेही तपासा.

नेमका दार उघडतानाच भपकारा येत असेल तर दोन जागा बघा. एक, धुराड्याच्या टोपीची जाळी. धुरातली डांबरासारखी काजळी, जिला क्रिओसोट म्हणतात, धूर साधारण 120 अंशांखाली उतरला की जिथे गार लागेल तिथे चिकटते, आणि सगळ्यात गार जागा टोपीच. मंद आचेवर रात्रभर जाळणाऱ्यांच्या जाळ्या एका हिवाळ्यात बुजतात. दुर्बीण असेल तर जमिनीवरूनच दिसतं. दोन, शेगडीच्या आत छताखाली असलेला आडवा पत्रा किंवा विटांचा थर. त्याच्यावर राख साचते, नाहीतर तो सरकून वाट अडवतो. गार झाल्यावर काढून झटका. धुराड्याच्या आत 3 मिलिमीटर थर दिसला तर साफ करून घ्यायची वेळ झालीच, कारण तो थर नुसता वाट अडवत नाही, पेटतोही. छतावर चढायची सवय नसेल तर हे काम माहीतगारालाच द्या. दार उघडताना मात्र आधी झडप उघडा, दार बोटभर किलकिलं करून दहा सेकंद थांबा आणि मग सावकाश उघडा. निम्मे भपकारे एवढ्यानेच थांबतात.

जळणाबद्दल तुमच्यावर विश्वास ठेवतो, पण एक विचारतो: वर्षभर वाळवलं ते फोडून की अख्खे ओंडके रचून? सालीसकट गोल ओंडका वर्षभरातही आतून ओला राहतो. एक फोडा आणि त्या ताज्या फोडीवर ओलावा मोजा. 20 टक्क्यांखाली असेल तर ठीक. बाहेरच्या टोकावर मोजलेला आकडा फसवतो.

उंचीचा प्रश्न तुमच्याकडे नसावा, कारण मागच्या वर्षी याच उंचीवर शेगडी चालत होती. तरी शेजारी काही नवं उभं राहिलं असेल तर आठवण ठेवा: धुराडं छतातून निघतं तिथून किमान 3 फूट वर हवं, आणि 10 फुटांच्या आत जे काही असेल त्याहून 2 फूट उंच. वाऱ्याच्या दिवशीच धूर उलटत असेल तर संशय इथे घ्या.

हे सगळं निस्तरेपर्यंत रात्री निखारे ठेवून झोपू नका. आग विझत आली की धुराडं गार होतं, ओढ संपते आणि नेमके तेव्हाच निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात. त्याला ना रंग ना वास, आणि धूर दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त. शेगडीच्या खोलीत आणि झोपायच्या खोलीत एकेक अलार्म लावा, तोही खिडकीची चाचणी करायच्या आधी. चाचणीत काय झालं ते इथे लिहा. खिडकी उघडूनही धूर आला तर पाइपाला किती कोन आहेत आणि ते कितीचे, तेही सांगा, मग पुढचं बघू.