वाचकांचे प्रश्न : सर्व्हर ४० च्या पुढं जाईना

प्रश्न : सर, लातूरला आमची शेतमालाची गोदामं आहेत. पावत्यांत मागाहून कुणी खाडाखोड करू नये म्हणून ट्रान्सपरन्सी लॉग (नोंदी फक्त पुढं जोडत जायच्या, जुनी बदलली की पकडली जाते अशी वही) चालू केलाय, डेटाबेस नाही, सगळं फाइलींवर, डिस्क साधी ७२०० आरपीएमची. एकामागं एक नोंदी टाकणारी स्क्रिप्ट लावली तर सेकंदाला ४० च्या पुढं जातच नाही आणि सीपीयू निवांत. सोयाबीनच्या सीझनला कसं व्हायचं? एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर खरंच उतरेपर्यंत थांबणं) बंद केलं की पळतंय, तसंच ठेवू का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : नका ठेवू. आधी ४० कुठून आले ते बघा. त्या डिस्कला एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात, तुम्ही दर नोंदीला तीन फाइली पक्क्या करत असणार, नोंदीची, हॅशच्या टाइलची (हॅश म्हणजे नोंदीचा छोटा ठसा, टाइल म्हणजे अशा ठशांची फाइल) आणि चेकपॉइंटची (नोंदी किती आणि सगळ्यांचा मिळून एक हॅश, त्यावर सर्व्हरची सही), म्हणजे झाले २५ मिलिसेकंद, सीपीयू काय करणार बिचारा. बॅच करा. सेकंदभर येतील तेवढ्या नोंदी गोळा करून एकदाच लिहायच्या, सही एकदाच, आणि पावतीवाल्याला नंबर त्यानंतरच द्यायचा. थांबेल तो सेकंदभर, वजनकाट्यावर तासतास थांबतोच की.

पण मग स्क्रिप्टही बदला, ती उत्तराची वाट बघत बसते, बॅच केल्यावर सेकंदाला एकच नोंद दाखवेल आणि तुम्ही परत मला लिहाल. दुसऱ्या मशीनवरून शंभरेक कनेक्शन एकदम लावा, नोंदी दरवेळी वेगळ्या, नाहीतर डुप्लिकेट ओळखणारा सर्व्हर जुनाच नंबर परत देतो आणि आकडा उगाच फुगतो.

एफसिंक नसताना लाइट गेली तर सही केलेला चेकपॉइंट बाहेर गेलेला असतो आणि त्याखालची टाइल डिस्कवर नसते. सर्व्हर मागच्या आकड्यापासून उठतो, नव्या नोंदी घेतो, आता एकाच साइझची दोन वेगळी झाडं (नोंदींच्या हॅशवरून थराथरानं रचलेली) आणि दोन्हींवर सही तुमचीच. तपासणारा हेराफेरी म्हणणार, त्याचं काय चुकलं? जुना बॅकअप टाकून चालू केलं तरी हेच होतं. म्हणून आधी टाइल, शेवटी चेकपॉइंट, तोही टेम्पररी फाइलीत लिहून रीनेम.

जागेची काळजी कमी करा, टाइलमध्ये ३२ बाइटचे २५६ हॅश, म्हणजे ८ केबी, १ कोटी नोंदींना खालच्या थरात ३९,०६३ टाइल. अर्धवट टाइली मात्र पूर्ण टाइल झाली की काढत चला, नाहीतर जागा असून आयनोड (दर फाइलीला लागणारी डिस्कवरची नोंद, ती मोजकीच असते) संपतात.

आणि भर लोडमध्ये, यूपीएस बाजूला करून, प्लग उपटा. लॉग वाचून तपासणाऱ्या मशीननं जपलेला शेवटचा चेकपॉइंट आणि उठलेल्या सर्व्हरचा, दोघांत कन्सिस्टन्सी प्रूफ (जुन्या लॉगमध्ये काही न बदलता फक्त पुढं भर पडली याचा पुरावा) बसलं पाहिजे. पाच-सहा वेळा तरी उपटा.