बायपासनंतर वडिलांचा ऑक्सिजन सुटत नाही. हार्ट-लंग मशीननं फुप्फुस खराब होतं का?

होतं, पण एकट्या मशीनवर खापर फोडू नका. ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसाचं काम हे मशीन करतं, तेव्हा फुप्फुसांत हवा खेळत नाही, रक्तही जेमतेम पोचतं. ओल्या पिशवीच्या बाजू चिकटाव्यात तसे खालचे कप्पे मिटतात. त्यात रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरलं की शरीर चवताळतं, पांढऱ्या पेशी फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्या रक्तवाहिन्या पाझरतात आणि फुप्फुसात पाणी उतरतं. मशीन न लावता धडधडत्या हृदयावर बायपास केलेल्यांनाही हा त्रास होतोच.

आता आमच्या घरचं. बाबांची झडप नागपूरला बदलली. यवतमाळकडचा कापसाचा शेतकरी, जन्मभर बिडी. ऑपरेशननंतर छातीचं हाड दुखतं म्हणून ते वरवरचा श्वास घ्यायचे, कफ तसाच. फिजिओथेरपीवालीनं श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन गोट्या असलेलं यंत्र दिलं. सगळे ते फुंकत बसतात. फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते! मी बाबांना दर तासाला उठवून ओढायला लावायची, छातीशी उशी दाबून खोकायला लावायची. काका दारातून ओरडायचे, "बुढा मरून ऱ्हायला अन् हे पोरगी गोट्या खेळवून ऱ्हायली! मशीनवर टाकाले कोनं सांगतलं होतं?" अहो काका, हृदय उघडून झडप बदलायची तर मशीन लागतंच. जॉन गिबन या अमेरिकन सर्जननं १९५३ साली ते माणसावर यशस्वी करून दाखवलं नसतं तर तुम्ही ओरडायला तरी कोणाच्या दारात आला असता? बाबांना तीस वर्षं बिडी पेटवून कोणी दिली, तेही मग काढू.

तर वडिलांना बसवा, चालवा, श्वास ओढायला लावा. दुखण्याचं औषध मागून घ्या, दुखत असलं की कोणी खोल श्वास घेत नाही. पुढं ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांची बिडी महिनाभर तरी आधी बंद करा.

हो, मी डॉक्टर नाही. एक्स-रेवरचा डाग मिटलेला कप्पा आहे, पाणी आहे की जंतुसंसर्ग, हे सर्जनला सरळ विचारा. बहुतेकांचं काही दिवसांत सुधारतं. थोड्यांना मात्र एआरडीएस होतो, म्हणजे दोन्ही फुप्फुसं सुजून पाण्यानं भरतात. तो जिवावरचा असतो, तिथं व्हेंटिलेटर लागतो, गोट्यांच्या यंत्रानं भागत नाही. आणि भेटायला येणारे काका-मामा खोलीबाहेरच बसवा.