इंजेक्शनच्या प्लांटमध्ये कंटॅमिनेशन कंट्रोल स्ट्रॅटेजी लिहायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की क्यूएत (गुणवत्ता विभागात) लागून चारच महिने झालेत, साहेबांनी कुठलं तरी टेम्प्लेट हातात दिलं आणि म्हणाले, ‘पंधरा दिवसांत सीसीएस काढ.’ सीसीएस म्हणजे हीच स्ट्रॅटेजी: इंजेक्शनमध्ये जंतू-घाण शिरू नये म्हणून काय काय करतो, ते एका जागी मांडणं.

ते टेम्प्लेट आधी ड्रॉवरमध्ये टाका. आमचा पहिला सीसीएसही असाच झाला होता (अंधेरी एमआयडीसीतला जुना प्लांट, नाव नको). निर्जंतुक औषधांसाठीची युरोपची नवी नियमावली ‘अॅनेक्स १’, जी सीसीएस मागते, ऑगस्ट २०२२ मध्ये आली, २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू होणार होती. त्या धांदलीत आम्ही सगळ्या एसओपींचे (कामाच्या लेखी पद्धतींचे) नंबर एका तक्त्यात कोंबले आणि सुटलो.

मग जुलै आला. सी ग्रेडच्या खोलीत (स्वच्छतेचे ग्रेड ए ते डी, ए सर्वांत कडक) जंतू तपासायच्या प्लेटवर हिरवट-काळी बुरशी. आधी एक, मग दर आठवड्याला. एएचयू (हवा पुरवणारे युनिट) बघितले, हवा गाळणाऱ्या हेपा फिल्टरची गळती तपासली. वेगवेगळ्या ग्रेडच्या शेजारच्या खोल्यांत हवेच्या दाबात किमान १० पास्कलचा फरक लागतो, तोही रजिस्टरात चोख. ऑपरेटरना गाऊनिंगवरून (खास कपडे घालण्यावरून) फुकट बोलणी बसली ती वेगळीच.

शेवटी मायक्रोबायोलॉजीतली एक मुलगी अख्खी शिफ्ट मटेरियल एअरलॉकपाशी (माल आत घ्यायच्या दुहेरी दाराच्या खोलीपाशी) नुसती उभी राहिली. रबर स्टॉपरचे (बाटलीच्या बुचांचे) पुठ्ठ्याचे खोके टेम्पोतून उतरताना भिजत होते, गोदामात धड वाळत नव्हते आणि तसेच ट्रॉलीवरून एअरलॉकपर्यंत येत होते. तिथे खोका फोडायचा, आतली पिशवी आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसायची, की आत. आता ७० टक्के आयपीए जिवाणू मारतं, पण बीजाणूंच्या केसालाही धक्का लावत नाही. आम्ही रोज बुरशी पुसून पसरवत होतो!

माल उतरवण्याची, साठवण्याची, पुसण्याची अशा तिन्ही एसओपी होत्या आणि तिन्ही पाळल्याही जात होत्या. घाण शिरत होती ती दोन खात्यांच्या मधून. मग पुठ्ठा गोदामापुढे येणंच बंद केलं आणि पिशव्यांना पेरासेटिक अॅसिडवालं स्पोरिसायडल (बीजाणू मारणारं द्रावण) लावलं, तेही घड्याळ लावून. लावल्या लावल्या पुसलं तर पाणी मारल्यासारखंच.

म्हणून कागद नंतर. आधी एक वस्तू निवडा आणि गेटपासून फिलिंग मशीनपर्यंत तिच्या मागे चाला. स्टॉपर घ्या, नाहीतर सकाळच्या शिफ्टला लोकलमधून चिंब भिजून येणारा ऑपरेटर घ्या. प्रत्येक टप्प्याला लिहा: इथे घाण कशी येईल, तिला काय अडवतं, आणि ती आलीच तर आपल्याला कधी कळेल?

तिसऱ्या प्रश्नावर गाडी अडते. ए ग्रेडमध्ये एकही कॉलनी चालत नाही, सेटल प्लेट (हवेतून खाली बसणारे जंतू धरणारी) जास्तीत जास्त चार तास उघडी ठेवायची, सगळं खरं. पण त्या प्लेटचा निकाल येतो काही दिवसांनी, तोवर बॅच भरून झालेली असते. म्हणजे भिस्त घाण शिरूच नये अशा मांडणीवरच. तुमच्या लाइनचा स्मोक स्टडीचा (धूर सोडून हवा कशी वाहते ते बघण्याचा) व्हिडिओ मागवा आणि आडवी पडलेली व्हायल (इंजेक्शनची बाटली) उचलायला हात आत जातो त्या क्षणी धूर कुठे वळतो ते बघा. व्हिडिओत हातच दिसत नसेल तर तो रिकाम्या मशीनचा अभ्यास आहे, तुमच्या कामाचा नाही.

पंधरा दिवसांत पूर्ण होणार नाही, हे साहेबांना आजच सांगून टाका. स्टॉपर आणि माणूस, एवढे दोन रस्ते तेवढ्यात काढून दाखवता येतील. पाऊस आहे तोवर गोदाम आधी धरा.