श्रीमंतांना अनोळखी माणसावर विश्वास ठेवणं सोपं का जातं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: गरीब माणूस अनोळखी लोकांवर कमी विश्वास का ठेवतो, आणि विषमता वाढली की समाजातला विश्वास आटतो का.

पहिलं सोपं आहे. फसलो तर सावरायची ऐपत किती, यावर सगळं ठरतं. पाच हजार बुडाले तर एखाद्याला दोन दिवस हळहळ वाटते, दुसऱ्याचं घरभाडं थकतं. ज्याला फसणं परवडत नाही तो जपूनच वागणार. त्याला संशयी म्हणणं अन्यायाचं आहे.

उलट आमच्या सोसायटीच्या गेटवर बघा. धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या जाताना उघडून बघतात. कुणी जुनी साडी दिली असेल तर वॉचमन वर फोन लावून खात्री करतो, तोवर ती बाई उन्हात उभी. पोलीस पडताळणी तिची, फोटो तिचा, आधारची झेरॉक्स तिची. आणि हिशेब काय? ती आधी महिनाभर राबते, पगार मिळतो पुढच्या महिन्यात. म्हणजे महिन्याची उधारी तिनेच आपल्याला दिलेली असते, तीही आपली काडीची चौकशी न करता. विश्वास टाकायचा खालच्यांनी, पुरावे मागायचे वरच्यांनी. मला याचा मनापासून राग येतो.

याच बायका आपसात भिशी चालवतात. ना कागद, ना सही. कुणाच्या घरी लग्न किंवा दवाखाना निघाला तर तिला आधी उचलू देतात. तिथे भरवसा चोख असतो, पण तो वस्तीपुरता.

आता दुसरं. 'बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो का?' असं जागतिक मूल्य सर्वेक्षणात विचारतात. विषमता कमी असलेल्या डेन्मार्क, नॉर्वेत ६० टक्क्यांहून जास्त लोक 'हो' म्हणतात. विषमता खूप असलेल्या ब्राझील, कोलंबियात १० टक्केही नाहीत. बो रोथस्टाइन आणि एरिक उस्लानर या अभ्यासकांनी २००५ साली मांडलं की सरकारी सोयी सगळ्यांना सारख्या मिळाल्या की विश्वास वाढतो; फक्त गरिबांसाठी वेगळ्या योजना काढल्या की त्यांच्यावर शिक्का बसतो. विश्वास असला की लोक कर भरायला राजी होतात, हेही खरंच. पण विश्वास टाकायची सुरुवात ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानेच करायला हवी.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. नोंदणीच्या अर्जाला काम देणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या इमारतीत ती एक सही करायलाही लोक का-कू करतात.