महिन्याला एक लाखात चिआंग माई? नाही भागणार

दादा, तुमचा हिशोब दोनदा वाचला. तुम्ही ५४, व्हीआरएस घेतलेली. वहिनी ४९, मुलगा नववीत, आई औशाजवळ गावाकडं, आणि गाठीला एक कोटी साठ लाख. थायलंडात, चिआंग माईला, महिन्याला एक लाखात तिघांचं भागंल का, असं विचारलंत. तिघांचं नाही भागणार. दोघांचंही ओढूनताणूनच.

आमचं दोघा नवराबायकोचं इथलं, चिआंग माईचं, गेल्या वर्षीचं महिन्याचं सांगतो. दोन खोल्यांच्या कॉन्डोचं, म्हणजे फ्लॅटचं, भाडं १६,००० बाट (बाट म्हणजे इथलं चलन). वीज, पाणी, इंटरनेट ३,२००. किराणा, भाजी, बाहेरचं खाणं १५,०००. स्कूटर आणि येणंजाणं २,५००. वरखर्च ४,०००. आरोग्यविमा ११,०००. झाले ५१,७००. बाट २ रुपये ७० पैशांनी धरला तर एक लाख चाळीस हजार रुपये. यात चैन काही नाही. तुमच्या यादीत विम्याची ओळच नाही. भारतातली साधी मेडिक्लेम इथं उपयोगाची नाही, आणि इथला हप्ता वय वाढेल तसा वाढत जातो. पासष्टीनंतर तो भाड्याच्या बरोबरीला येतो का काय, अशी मलाच धास्ती आहे.

भाड्याचं एक लक्षात ठेवा. घर घेताना दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ द्यावं लागतं. वीज सरकारी दराने की मालकाच्या दराने, हे आधी विचारायचं. काही बिल्डिंगींत मालक युनिटमागं जवळपास दुप्पट लावतात, आणि एप्रिलात एसी लावल्याशिवाय झोप येत नाही.

आता खरी गोम. मी २०१६ च्या एप्रिलात आलो. दुष्काळात लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे सुरू झाली, त्याच आठवड्यात. इथं सोंगक्रानचा, थाई नववर्षाचा, सण चालू होता, लोक रस्त्यावर पाईपनं एकमेकांवर पाणी मारायलते. बायको दोन दिवस खोलीबाहेर आली नाही, बघवत नाही म्हणाली. तर तेव्हा बाट दोन रुपयांच्या आतबाहेर होता. म्हणजे इथली महागाई बाजूलाच ठेवा, नुसत्या रुपयाच्या घसरणीनं माझा खर्च वर्षाला तीन टक्क्यांनी वाढला. तुमची कमाई रुपयात राहणार आणि खर्च बाटमध्ये. तुम्ही पुढची पंचवीस वर्षं आजच्याच भावानं मांडलीत. आपल्याकडं कोरडवाहूवाला चांगल्या सालाचा उतारा धरून सावकाराला शब्द देतो का? बाट साडेतीन रुपये धरून सगळी मांडणी पुन्हा करा, मग बघा काय उरतंय.

व्हिसाचे पैसे वेगळे. पन्नाशी पार केलेल्याला निवृत्तीवर राहायचं तर थाई बँकेत आठ लाख बाट दाखवावे लागतात, नाहीतर महिना ६५,००० बाट उत्पन्न. आठ लाख म्हणजे वरच्याच भावानं साडेएकवीस लाख रुपये. अर्जाच्या आधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने त्याला हात लावायचा नाही. पुढंही चार लाखांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. म्हणजे ते पैसे तुमचे असूनही तुमचे नाहीत. एक कोटी साठमधून ते आत्ताच वजा करा. व्हिसाच्या मुदतवाढीला दरवर्षी १,९०० बाट, दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद. या व्हिसावर काम करायला बंदी आहे. "जमलं तर ट्यूशन घेईन" असं लिहिलंत ना, ते खोडा.

वहिनींना पन्नाशी नाही, त्या तुमच्यावर अवलंबून म्हणून येतील. मुलगाही तसाच, पण विसाव्या वर्षापर्यंतच. त्याच्या शाळेचा आकडा मात्र सगळ्यांत मोठा. इंटरनॅशनल शाळा स्वस्तातली म्हटली तरी वर्षाला दोनेक लाख बाट, मोठी पाच लाखांच्या पुढं. थाई शाळेत नववीचं पोरगं मधेच बसत नाही, भाषाच येत नाही. माझं स्पष्ट मत, त्याची बारावी लातुरातच होऊ द्या. ज्या शिक्षणासाठी लोक पोरांना लातूरला पाठवायलेत, ते सोडून इथं फी कशाला भरायची?

आता आईंचं. तुम्ही "वर्षाला एक चक्कर" धरलीय. आम्हीही एकच धरली होती, येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला. माझे वडील विहिरीजवळ पडले, मांडीचं हाड मोडलं. रातोरात निघालो, बँकॉकहून हैदराबाद, तिथून गाडीनं बिदर, उदगीर, लातूर. घाईत री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, काढायचं राहिलं. १,००० बाटचा कागद. तो नसताना देश सोडला की वर्षाची मुदतवाढ आपोआप रद्द. परत आल्यावर सगळं पहिल्यापासून करावं लागलं. चूक माझीच, नियम माहीत होता. तेव्हापासून मी ३,८०० चं अनेक वेळांचं परमिट काढून ठेवतो आणि अचानकच्या दोन तिकिटांचे पैसे बाजूला असतात. आईंजवळ राहणाऱ्या बाईचा पगार, दवाखाना, गाडीभाडं हेही तुमच्याच बजेटात धरा. घर एक नाही, दोन चालवायचीत.

भारतातलं थोडक्यात. साठीनंतर सिनियर सिटिझन स्कीममध्ये ३० लाख टाकीन म्हणालात. अनिवासी झाल्यावर ते खातं उघडता येत नाही. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करावं लागेल, त्याच्या व्याजावर ३० टक्क्यांच्या वर टीडीएस कापला जातो, रिटर्न भरून परतावा मागायचा. बाहेर पैसे पाठवताना कराचा फॉर्म आणि सीएचा दाखला (१५सीए-१५सीबी या नावानं ओळखले जाणारे) लागतील, तेव्हा एक बरा सीए आत्ताच धरा. इथंही १८० दिवस राहिलात की तुम्ही करनिवासी, आणि १ जानेवारी २०२४ पासूनचं बाहेरचं उत्पन्न इथं आणलं तर ते करात येतं. त्याआधीची बचत वेगळी ठेवा, बँकेचे उतारे सांभाळा. जमीन मात्र विकू नका. अनिवासी माणसाला असलेली शेती ठेवता येते, वारशानं मिळते, पण नवी विकत घेता येत नाही. एकदा सातबाऱ्यावरून नाव गेलं की परत लावणं अवघड.

खाण्याची काळजी नको. तूर डाळ मिळते, महाग पडते. ज्वारीचं पीठ गावाकडून आणतो. शाकाहारी असाल तर "जे" हा शब्द पाठ करा, पिवळ्या पाटीवर लिहिलेला असतो. नुसतं "भाजी" म्हणालात तर त्यात माशाचा रस घालतात. त्या "जे"मध्ये कांदा-लसूणही नसतो, ठेचा खाणाऱ्याला चार दिवसांत वीट येतो.

सगळे डिसेंबरात येतात, थंडी बघून भुलतात. तुम्ही मार्चात या. फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळतात, समोरचा दोई सुतेपचा डोंगर दिसत नाही. त्या दिवसांत आम्ही दीड महिना दक्षिणेला समुद्राकडं जातो, त्याचं भाडं वर लागतंच. वहिनींना दम्याचा त्रास आहे म्हणालात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. पर्यटक म्हणून महिनाभर राहून बघा, घर विकण्याचं तोवर मनात आणू नका.

मुलाची बारावी व्हायला तीन वर्षं आहेत. तेव्हाचा बाटचा भाव घेऊन आकडे परत पाठवा, मी सोबत बसून मांडून देतो.