नाशिकला महिन्यातून दोनदा कामासाठी मुक्काम असतो, हॉटेलची मेंबरशिप घेऊन एकाच ठिकाणी राहणं परवडतं का?

परवडतं, पण पॉइंट गोळा होतील म्हणून घेणार असाल तर थोडं थांबा, आधी हे वाचा.

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून महिन्यात दोन वेळा अंबड एमआयडीसीत यावं लागतं, दर वेळी दोन रात्री, बिल कंपनी देते, ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की मोठ्या चेनचं मेंबर हो, आणि श्रावणात आई-वडिलांना घेऊन त्र्यंबकेश्वरलाही यायचंय. मी कोल्हापूरचा, मशीन टूल्सच्या सर्व्हिसिंगमध्ये आहे, अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत गेली आठ-नऊ वर्षं येतोय आणि दर वेळी दोन-तीन रात्री नाशिकलाच असतो. म्हणजे तुमचा प्रश्न हा माझा रोजचा विषय आहे म्हणा ना.

पहिली गोष्ट जागेची. मेंबरशिप नंतर बघू. नाशिक बाहेरच्या माणसाला फसवतं ते इथंच, कारण नाशिक रोड स्टेशन म्हणजे नाशिक असं आपण धरतो आणि स्टेशन आहे शहरापासून नऊ-दहा किलोमीटर लांब. तुम्ही पुण्याहून सिन्नरवरून येणार म्हणजे आधी नाशिक रोडच लागणार, रात्री दमून आलेलं असताना तिथलंच हॉटेल जवळचं वाटतं, पण सकाळी कामावर निघाल्यावर अख्खं शहर ओलांडून पलीकडं जायचं असतं आणि मध्ये द्वारका सर्कल आहे. सकाळी नऊच्या सुमाराला द्वारकेला अडकलेला माणूस दुसऱ्यांदा स्टेशनजवळ रूम घेत नाही. मी पहिल्या वर्षी तीन वेळा घेतली, स्वस्त पडते म्हणून, आणि वाचलेले पैसे रिक्षात गेले.

तुमचं काम अंबडला आहे तर मुंबई नाका, इंदिरानगर, पाथर्डी फाटा हा पट्टा बघा. हायवेनं सरळ जाता येतं. सातपूरला काम असेल तर त्र्यंबक रोड बरा. आता चेनची हॉटेलं कुठं आहेत बघा, मुंबई नाक्याला मॅरियटचं कोर्टयार्ड, इंदिरानगरला हॉलिडे इन एक्सप्रेस, पाथर्डी फाट्याला रॅडिसन ब्लू, सातपूरला त्र्यंबक रोडवर आयबिस, अंबडला हायवेलाच ताज ग्रुपचं गेटवे. ही सगळी वेगवेगळ्या प्रोग्रामची आहेत आणि एकाचे पॉइंट दुसऱ्याला चालत नाहीत, त्यामुळं आधी तुमच्या गेटपासून सोयीचं कुठलं ते ठरवा आणि मग त्याचंच मेंबर व्हा. उलटं केलंत, म्हणजे प्रोग्राम आवडला म्हणून लांबचं हॉटेल धरलंत, तर वर्षाला ४८ सकाळी रस्त्यात जातील.

मेंबर होणं फुकट असतं, अ‍ॅपवर पाच मिनिटांचं काम. आणि मेंबर झाल्या झाल्या थोडा कमी रेट आणि वायफाय वगैरे मिळतं, ते घ्यावंच. पण एक अट आहे जी कुणी नीट सांगत नाही, बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून, अ‍ॅपवरून किंवा फोनवरून झालेलं पाहिजे. बाहेरच्या ट्रॅव्हल अ‍ॅपवरून केलंत तर साधारणपणे पॉइंटही नाहीत आणि रात्रीही मोजल्या जात नाहीत.

हे मी अनुभवातून सांगतोय. दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात तशा एका मोठ्या शटडाउनच्या वेळी सलग पाच रात्री होतो, बाहेरच्या अ‍ॅपवर तीनशे-चारशे रुपये कमी दिसले म्हणून तिथून बुक केलं, चेक-इनला मेंबर नंबर सांगितला, पोरानं तो टाइपही केला, मी निश्चिंत. पंधरा दिवस झाले तरी खात्यात काही नाही. फोन केला तर म्हणे ही बुकिंग पात्र नाही. मी म्हटलं अहो तुमच्या माणसानं नंबर घेतला ना, तर उत्तर आलं की नंबर घेतला म्हणजे पॉइंट मिळतीलच असं नसतं. नियम त्यांच्या अटींमध्ये लिहिलेला होता हे खरं, पण काउंटरवर नंबर घेताना एक वाक्य सांगायला काय हरकत होती, हे मला आजही पटलेलं नाही. त्यामुळं तुमच्या कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क कुठून बुक करतो ते आधी विचारा. कंपनीचा ठरलेला कॉर्पोरेट रेट सहसा चालतो, पण एजंटनं घाऊक भावात घेतलेली रूम असेल तर नाही. आणि बिल परस्पर कंपनीला जाणार असेल तर मेंबरच्या नावावर ते धरलं जाईल का, हे हॉटेलच्या रिसर्व्हेशनला विचारून घ्या. पॉइंट स्वतःकडं ठेवायला कंपनीची हरकत नाही ना, हेही एकदा एचआरला विचारलेलं बरं.

आता पॉइंटचा हिशोब करू, कारण इथं लोक फार मोठी स्वप्नं बघतात. मॅरियटच्या बॉनव्हॉय या मेंबर प्रोग्राममध्ये बहुतेक ब्रँडला एका डॉलरमागं १० पॉइंट. डॉलर ९० रुपये धरा, रूम ६,३०० रुपयांची धरा, म्हणजे ७० डॉलर, म्हणजे रात्रीचे ७०० पॉइंट. टॅक्सवर पॉइंट नसतात. दहा रात्रींचे ७,०००. फुकट रात्रीचा भाव तारखेप्रमाणं बदलत राहतो, त्यामुळं तुम्हाला हव्या त्या शनिवारी ते पुरतीलच असं नाही. अ‍ॅकॉरचं म्हणजे आयबिसवाल्यांचं अजून सरळ आहे, २,००० पॉइंट झाले की बिलातून ४० युरो कमी. पण आयबिसमध्ये साध्या मेंबरला १० युरोमागं साडेबाराच पॉइंट, म्हणजे २,००० व्हायला १,६०० युरो खर्च व्हायला हवेत. युरो शंभर रुपये धरला तर एक लाख साठ हजार खर्चून चार हजार परत. अडीच टक्के! वाईट नाही, कंपनीच्या पैशातून आपल्याला मिळतंय तर चांगलंच आहे, पण यासाठी मंगळवारची झोप बिघडवू नका एवढंच.

आणि पॉइंट कायमचे नसतात. बॉनव्हॉयमध्ये २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर जातात, हॉलिडे इनवाल्या आयएचजीमध्ये साध्या मेंबरचे १२ महिन्यांतच. तुमचं येणं नियमित आहे म्हणून तुम्हाला ती चिंता नाही, पण नोकरी बदलली की लगेच बघा.

तुमच्यासाठी खरी कामाची गोष्ट म्हणजे किती रात्री राहिलात ते, कारण मेंबरचा दर्जा, म्हणजे स्टेटस, त्यावर ठरतो. महिन्याला चार, वर्षाला ४८. बॉनव्हॉयमध्ये सिल्व्हर १० रात्रींना, गोल्ड २५ ला, प्लॅटिनम ५० ला. आयएचजीमध्ये सिल्व्हर १०, गोल्ड २०, प्लॅटिनम ४०. म्हणजे इंदिरानगरला राहिलात तर प्लॅटिनम आरामात, नाश्ताही तिथं भाड्यातच असतो. मुंबई नाक्याला राहिलात तर ५० ला दोन रात्री कमी पडतात, आणि श्रावणात आई-वडिलांबरोबरच्या दोन रात्री धरल्या की झाल्या की पुऱ्या! फक्त हिशोब जानेवारी ते डिसेंबर असतो हे लक्षात ठेवा, तुम्ही जूनपासून सुरू केलंत तर या वर्षी गोल्डवरच थांबाल. अजून एक, आई-वडिलांची रूम वेगळी घेतलीत तर बॉनव्हॉयमध्ये तुम्ही स्वतः तिथं राहून पैसे भरत असाल तर तीन रूमपर्यंत पॉइंट तुमच्या खात्यात येतात, पण रात्री मोजल्या जातात त्या एकाच रूमच्या. दोन रूम दोन दिवस म्हणजे चार रात्री असं नाही होत.

या स्टेटसचा उपयोग काय, तर मला सगळ्यात जास्त झाला तो लेट चेक-आउटचा. तीन वर्षांपूर्वी आईला श्रावणात त्र्यंबकला नेलं होतं. पहाटे चारला उठवलं, नाशिकहून तीस किलोमीटर, पाऊस असा की वायपर पुरेना, रांगेत अडीच-तीन तास उभी राहिली, वय ७१. दर्शन झालं, कुशावर्तावर जाऊन आलो, परत हॉटेलवर यायला साडेअकरा. साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला, पाय थंडगार, पायांची बोटं पांढरी पडलेली. चेक-आउट बाराला. मी काउंटरवर गेलो, बॉनव्हॉयच्या गोल्डला दोनपर्यंत मिळू शकतं पण रूम शिल्लक असेल तरच, हक्क म्हणून नाही. तिथली मुलगी स्क्रीनकडं बघायच्या आधी आईकडं बघत म्हणाली, काकू तुम्ही वर जा, निवांत पडा, मी बघते. दोनपर्यंत मिळालं. आईनं गरम पाण्यानं आंघोळ केली, साडी पंख्याखाली खुर्चीवर पसरली, वरून गरम वरण-भात मागवला आणि तासभर गाढ झोपली. कोल्हापूरपर्यंतच्या प्रवासात ती एकदाही पाय दुखतात म्हणाली नाही. कितीही पॉइंट दिले तरी मी ते दोन तास बदलून घेणार नाही. बॉनव्हॉयच्या प्लॅटिनमला चारपर्यंत मिळतं, रिसॉर्ट वगैरे सोडून, म्हणून म्हणतो तुमच्या त्या दोन रात्री आई-वडिलांसाठी कामाला येतील, कारण स्टेटस एकदा मिळालं की पुढचं अख्खं वर्ष राहतं.

बिलाचं. कंपनीचा जीएसटी नंबर चेक-इनलाच द्या, निघताना दिलात तर बिल पुन्हा काढत बसतात आणि तुमची बस जाते. सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या रूमला ५ टक्के आहे, आधी १२ होता, आणि साडेसात हजारांच्या वर १८. त्यामुळं ७,४०० आणि ७,६०० यात दिसतो त्यापेक्षा बराच जास्त फरक पडतो. बिलाची पीडीएफ जपून ठेवा, पॉइंट आले नाहीत तर तीच लागते.

नाश्त्याचा रेट वेगळा असेल तर तो घेऊ नका असं माझं मत. मी कोल्हापूरचा, मिसळीच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही, पण नाशिकची काळ्या मसाल्याची मिसळ, सोबत पापड, दही आणि बऱ्याच ठिकाणी जिलेबी, ही सोडून बुफेतला थंड डोसा खायला नाशिकला कशाला यायचं. सुट्टीची सकाळ मिळाली तर गंगापूर रोडच्या बाजूला जा.

सिंहस्थाचं मात्र आत्ताच डोक्यात घ्या. मागचा २०१५ ला झाला, आता मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. त्या काळात तुमचं काम थांबणार नाही पण रूम मिळणं आणि रस्ता मिळणं दोन्ही अवघड होणार, म्हणून प्लांटच्या माणसांशी बोलून त्या आठवड्यांतल्या व्हिजिट पुढं-मागं करता येतात का बघा, आणि आई-वडिलांना गर्दी झेपत नसेल तर त्याआधीच्या श्रावणात आणा.

त्यांना आणाल तेव्हा अ‍ॅपवर बुकिंग झालं तरी आदल्या दिवशी फोन करा. कॉल सेंटरला करू नका, नाशिकच्या हॉटेलच्या डेस्कला लावा, आणि मराठीत सांगा की सोबत वयस्कर माणसं आहेत, दोन्ही रूम शेजारी आणि लिफ्टजवळ द्या, पहाटे चारला निघायचंय तर साडेतीनला चहा मिळेल का. माझ्या आईसाठी त्यांनी थर्मास भरून ठेवला होता.