इग्निशन टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) सरकतंय? आधी क्रँक सेन्सरच्या दोन वायरी बघा

प्रश्न: जुन्या चार सिलिंडर इंजिनवर आफ्टरमार्केट ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बसवलाय, 36-1 चं ट्रिगर व्हील (36 दातांच्या जागा, त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला) आणि दोन वायरींचा व्हीआर क्रँक सेन्सर (दात समोरून गेला की स्वतःच व्होल्टेज तयार करणारा मॅग्नेटिक सेन्सर) आहे. टायमिंग 10 अंशावर लॉक केलं तर आयडलला टायमिंग लाइटमध्ये बरोब्बर 10 दिसतं, पण 3000 आरपीएमला पुलीवरची खूण पाच-सहा अंश सरकते आणि 4000 च्या पुढे सिंक जाऊन (ईसीयूला क्रँकची जागा कळेनाशी होऊन) गाडी झटके मारते. ट्रिगर अँगल (सॉफ्टवेअरमधला, व्हीलची जागा सांगणारा आकडा) बदलला की आयडलला चुकतं. काय करू?

उत्तर: ट्रिगर अँगलला सध्या हात लावू नका. तो आकडा चुकला असता तर खूण सगळ्याच आरपीएमला तेवढीच चुकली असती, तुमची तर आरपीएमबरोबर सरकतेय, म्हणजे मला पहिला संशय सेन्सरच्या उलट्या जोडलेल्या वायरींचाच येतो. कसं असतं, दात सेन्सरसमोरून जाताना व्होल्टेज वर जातं आणि दाताच्या मध्यावर एकदम सरळसोट खाली येत शून्य ओलांडतं, ईसीयूने ही जागा पकडली पाहिजे. वायरी उलट्या असल्या की तो दोन दातांमधल्या फटीत ट्रिगर घेतो, आणि जिथे दात नाही तिथे ती फट लांबते, सिग्नल आळसावल्यासारखा शून्याजवळून जातो, मग स्पीड वाढला की पकडायची जागाच बदलते आणि दात मोजण्यात गोंधळ होतो.

इंजिन बंद करून त्या दोन वायरी अदलाबदल करा. आणि हे नक्की लक्षात ठेवा, 36 च्या व्हीलवर दर दातामागे 10 अंश असतात त्यामुळे अदलाबदलीनंतर टायमिंग साधारण अर्ध्या दाताएवढं, म्हणजे 5 अंशाने हलणार, म्हणून लगेच लाइट लावून ट्रिगर अँगल नव्याने सेट करा आणि मगच रेस द्या. (तीन वायरींच्या हॉल सेन्सरला हा उपाय अजिबात करू नका, त्याला बाहेरून वीज द्यावी लागते, सेन्सर जळू शकतो.)

तरी सिंक जात असेल तर वायरिंग बघा. सेन्सरची केबल शील्डवाली (बाहेरून धातूच्या जाळीचं वेष्टन असलेली) हवी, शील्ड फक्त ईसीयूकडच्या टोकाला अर्थ करायची, आणि केबल इग्निशन कॉइलच्या वायरींसोबत एका बंडलमध्ये बांधायची नाही. प्लग रेझिस्टरवाले (इलेक्ट्रिकल नॉइज कमी करणारे) आहेत ना तेही बघा.

अजून एक, कॉइल हाताला चटका बसेल इतकी तापत असेल तर सॉफ्टवेअरमधली स्पार्क आउटपुटची सेटिंग उलटी असू शकते, तेव्हा कॉइल चार्ज व्हायच्या वेळीच स्पार्क पडतो आणि टायमिंग असंच सरकतं. खूण 4000 पर्यंत जागेवर थांबेपर्यंत गाडीला लोड देऊ नका, ॲडव्हान्स वाढला (स्पार्क जास्तच लवकर पडला) तर नॉकिंगने (मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्यांनी) पिस्टन जातो.